महावीरांच्या नावाचे अरण्य आणि मूठभर फुटाणे

कार्तिकी पौर्णिमा झाली की साधू-साध्वींचे विहार पुन्हा सुरू होतात आणि चार महिने माळ्यावर पडून राहिलेल्या प्रवासाच्या पिशव्या गृहस्थांच्या घरीही खाली उतरतात. आमच्या घरची पिशवी यंदा दूधसागर धबधब्यासाठी उतरली. धाकट्या नातवाचा हट्ट जुलैपासूनच चालू होता. धबधबा पाहायचा तर तो भर पावसातच, असे त्याला कोणीतरी सांगितले होते आणि ते खोटेही नव्हते. पण पावसाळ्यात वाटेवर अंकुर, शेवाळ, गांडुळे, अळ्या यांची इतकी दाटी असते की पाऊल ठेवायला निर्जीव जागा मिळू नये. म्हणूनच तर मुनिजन त्या काळात एका ठिकाणी स्थिर राहतात. शिवाय त्या दिवसांत कुळ्याहून जाणारी जीपगाडी बंद असते, ओढे फुगलेले असतात आणि हौशी मंडळी रेल्वेच्या रुळांवरून चालू लागतात. १९८९च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ प्रमाणे तो गुन्हा आहे. २०२३च्या जुलैमध्ये अशा शेकडो पर्यटकांना वाटेवरूनच परत पाठवल्याच्या बातम्या आपण वाचल्या असतील. शास्त्र आणि रेल्वे पोलीस यांचे एखाद्या गोष्टीवर इतके एकमत मी प्रथमच पाहिले. नातवाला मी म्हटले, "पौर्णिमा होऊ दे, मग जाऊ." नोव्हेंबरअखेर धबधब्याला भरपूर पाणी असते आणि वाटही कोरडी झालेली असते.

हा धबधबा ज्या अरण्यात आहे त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे, याविषयी मला शंका आहे. मलाही ते कुळ्याला पोहोचून फलक वाचेपर्यंत ठाऊक नव्हते. भगवान महावीर अभयारण्य. पूर्वी मोले या गावाच्या नावाने ओळखले जाणारे हे राखीव रान १९६९ मध्ये अभयारण्य म्हणून घोषित झाले आणि त्याला वर्धमान स्वामींचे नाव लाभले. एकूण क्षेत्र सुमारे २४० चौरस किलोमीटर, त्यातील गाभ्याचा १०७ चौरस किलोमीटरचा भाग १९७८ पासून राष्ट्रीय उद्यान आहे. मंदिरे, शाळा, रुग्णालये, रस्ते यांना भगवंतांचे नाव देण्याची आपल्याला सवय आहे. जिथे माणसाने काहीच बांधायचे नाही, काहीच तोडायचे नाही आणि मुख्य म्हणजे मध्ये पडायचे नाही, अशा जागेला ते नाव पाहून मला मोठा संतोष वाटला. या रानातून रेल्वेचा दुसरा मार्ग टाकण्याचा बेत होता. त्याला मिळालेली वन्यजीव मंडळाची मंजुरी सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये रद्द केली. व्यापारी समाजात या निर्णयावर दोन मते असणार, हे मी जाणतो.

आम्ही सात जण होतो. मी व सौभाग्यवती, सूनबाई, अकरा वर्षांचा नातू, माझी थोरली बहीण आक्का, तिचा मुलगा आणि त्याची पत्नी. आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची. सूर्यास्तानंतर पाणी घेत नाही आणि दिवसाही स्वतः गाळून उकळलेलेच पिते. तिच्या सामानात पाण्याच्या चार बाटल्या, गाळण्याचे दुहेरी वस्त्र आणि एक कापडी पिशवी होती. पिशवीत दोन किलो फुटाणे. दर शनिवारी गावाबाहेरच्या टेकडीवरील माकडांना फुटाणे घालण्याचा तिचा नेम वीस वर्षांचा आहे. "महावीर भगवंतांचं रान म्हणतोस आणि तिथल्या जिवांना रिकाम्या हातांनी भेटायचं?" असा तिचा प्रश्न होता.

मिरजेहून बेळगाव, लोंढा, कॅसलरॉक असा हा रेल्वेमार्ग घाट उतरून कुळ्याला येतो. पोर्तुगीज अमदानीत, १८८०च्या दशकात हा मार्ग बांधला गेला. ३७ फुटांमागे १ फूट असा त्याचा उतार आहे आणि म्हणून घाटात गाडीला जादा इंजिने जोडावी लागतात. चढताना मागून ढकलायचे आणि उतरताना ओढून धरायचे, हे त्यांचे काम. रेल्वेची माणसे त्यांना 'बँकर' म्हणतात असे एका सहप्रवाशाने सांगितले, तेव्हा छत्तीस वर्षांच्या माझ्या नोकरीचे सार कोणीतरी एका वाक्यात सांगितल्यासारखे वाटले. मार्ग धबधब्याच्या मधूनच, कमानींच्या पुलावरून जातो. आमची गाडी मात्र रात्रीची, त्यामुळे कानावर पडलेला गडगडाट एवढेच पहिले दर्शन.

कुळ्याच्या निवासात त्या संध्याकाळी आमचा वाटाड्या भेटायला आला. गावातलाच तरुण, कोंकणी वळणाचे गोड मराठी बोलणारा. फुटाण्यांची पिशवी पाहून तो म्हणाला, "आजी, हे इथंच ठेवा. रानात माकडांना काही घालायचं नाही. वनखात्याचा नियम आहे."

तो गेल्यावर आमच्यात बराच वेळ चर्चा झाली. ती इथे देतो, कारण आपल्या पुष्कळ घरांत ती अशीच होईल.

आक्का म्हणाली, "बापू, अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार तुला पाठ आहेत ना? बंध, वध, छेद, अतिभारारोपण आणि शेवटचा कोणता?"

"अन्नपाननिरोध."

"मग भुकेल्या जिवाच्या तोंडचं अन्न अडवणं म्हणजे काय झालं?"

मी म्हटले, तो अतिचार आपल्या दावणीला बांधलेल्या जनावराविषयी, आपल्या आश्रयाला असलेल्या नोकर-चाकरांविषयी आहे. ज्याला आपण बांधले, त्याचे खाणे-पिणे रोखू नये. रानातले माकड आपल्या दावणीला नाही. त्याचे अन्न त्याच्या झाडावर आहे. मग मी तिला जिवाणीची आठवण दिली. पाणी गाळल्यावर गाळणीवर राहिलेले सूक्ष्म जीव ती आजही ज्या विहिरीचे पाणी त्याच विहिरीत नेऊन सोडते, दुसऱ्या पाण्यात कधी टाकत नाही. का? तर ज्याचे जे घर तेथेच तो जगावा. ती शांतपणे म्हणाली, "ते पाण्यातले जीव वेगळे आणि समोर हात पसरून बसलेला जीव वेगळा." यावर माझ्यापाशी त्या क्षणी उत्तर नव्हते. पिशवी निवासात राहिली नाही, हे मला सकाळी दिसले आणि मी काही बोललो नाही.

सूर्योदयानंतर दोन घटका होऊ दिल्या, दशम्या आणि दूध घेतले आणि मी, भाचा, नातू असे तिघे वाटाड्याबरोबर पायी निघालो. बाकीच्या चौघी मागाहून जीपने येणार होत्या. संपूर्ण जीप सात आसनांची घेतली होती, म्हणजे परतताना सर्वांना बसता येणार होते. वनखात्याच्या नाक्यावर प्रवेशशुल्क भरावे लागते आणि पिशव्यांतील प्लॅस्टिकची तपासणी होते. कुळे ते धबधबा अंतर अकराएक किलोमीटर. वाट बहुतांशी सपाट आहे, पण तीन ठिकाणी दूधसागर नदी ओलांडावी लागते. तिचे पाणी पुढे खांडेपार नदीतून मांडवीला मिळते. आम्ही गेलो तेव्हा पाणी गुडघ्यापर्यंत होते, तळाचे गोटे निसरडे. पाय भिजले तरी पकड सुटणार नाही असे पादत्राण हवे. चामड्याचा प्रश्न आपल्याकडे येतच नाही.

आपल्या शास्त्रात ईर्यासमिती सांगितली आहे. समोरच्या चार हात भूमीवर दृष्टी ठेवून, जीव पाहून पाऊल टाकावे. साधूंसाठी सांगितलेली ही शिस्त मी त्या वाटेवर तीन तास पाळून पाहिली आणि लक्षात आले की रानात चालण्याची याहून चांगली रीत नाही. मान खाली असल्यामुळे मला वाटेवर आडवी गेलेली काळ्या मुंग्यांची रांग दिसली, ओल्या वाळूवर एकवटून बसलेली पिवळी-पांढरी फुलपाखरे दिसली, पानांच्या कचऱ्यात त्याच रंगाचा बेडूक दिसला. नातू वर पाहत चालत होता, त्यामुळे त्याला शेकरू दिसले आणि दोनदा ठेच लागली. ऐन, किंदळ, जांभा यांची उंच सरळ खोडे, मध्ये बांबूची बेटे. ऐन हा गोव्याचा राज्यवृक्ष, हे वाटाड्याने सांगितले. पिवळ्या अंगाचा, काळ्या डोक्याचा आणि गळ्याशी लालसर ठिणगी असलेला बुलबुल त्याने दाखवला, तो राज्यपक्षी. मला तो अर्धा क्षण दिसला. आठ-साडेआठनंतर मात्र जीपगाड्या सुरू होतात आणि धुळीने रानाचा रंग बदलतो. पायी जाणाऱ्यांनी होईल तितके लवकर निघावे, हा माझा अनुभवाचा सल्ला.

जीपतळापासून पुढचा अर्धा-पाऊण तास सर्वांनाच चालावे लागते. मोठमोठ्या शिळा, झाडांची मुळे आणि खाली ओढा. आक्का तेथेच आमची वाट पाहत बसली होती. "मलाही थोडं चालू दे की," म्हणाली. एका बाजूने भाच्याचा हात, दुसऱ्या हातात काठी आणि खांद्याला ती कापडी पिशवी.

आणि मग एका वळणावर झाडी सरली.

धबधब्याची उंची ३१० मीटर सांगतात. शंभर मजल्यांची इमारत डोळ्यांपुढे आणली तरी हा आकडा मनात नीट भरत नाही, कारण पाणी एका उडीत येत नाही. ते चार टप्प्यांनी, प्रत्येक ठिकाणी रुंद होत, खडकावर आपटून पुन्हा पांढरे होत उतरते. अगदी वरचे पाणी सावकाश पडते आहे असे वाटते. मधल्या टप्प्यावर कमानींचा पूल. आम्ही पाहत असतानाच एक मालगाडी पुलावरून गेली आणि तिचा आवाज पाण्याच्या आवाजात पूर्ण बुडाला, तेव्हा कोठे मला उंचीचा अदमास आला. तुषार अंगावर येत होते. नातवाला डोहात उतरायचे होते. जीवरक्षक जाकीट घालून मर्यादित भागात उतरू देतात. आम्ही काठावरच थांबलो. सौभाग्यवतीने हात जोडले, का ते तिला विचारले नाही. पाव तास कोणी काही बोलले नाही.

माकडे तेथे आधीपासून होती. डोक्यावर केसांची टोपी घातल्यासारखी दिसणारी ही जात फक्त दक्षिण भारतातच आढळते. पंचवीस-तीस असावीत. काही जण कड्याच्या झुडपांत कोवळा पाला खात होती, पण बहुतेकांचे लक्ष माणसांच्या पिशव्यांवर. एकाने चिवड्याचे पाकीट पळवले आणि शिळेवर बसून प्लॅस्टिकसकट चावायला सुरुवात केली. पोटाशी पिलू धरलेली एक मादी आक्कापासून चार हातांवर येऊन बसली आणि तिने हात पुढे केला. खरोखर पुढे केला, तळहात वर करून.

आक्काने पिशवी उघडली. वाटाड्या मागे राहिलेल्या सूनबाईंना शिळेवरून उतरवत होता. मूठभर फुटाणे काढून तिने नातवाच्या ओंजळीत दिले. "घाल बाळा, तुझ्या हातून घाल." पुण्य नातवाला लाभावे ही तिची इच्छा. मी दोन पावलांवर उभा होतो. नोकरीत नियमाबाहेरच्या कागदावर मी कधी सही केली नाही, त्यासाठी वरिष्ठांची नाराजीही पत्करली. त्या वेळी थोरल्या बहिणीला 'नको' एवढा एक शब्द माझ्याने म्हणवला नाही.

मादीने हात लावण्याआधीच वरच्या शिळेवरून एक मोठा नर खाली आला. नातवाने घाबरून ओंजळ मिटली. माकडाने ती उघडली. सगळे दोन क्षणांत झाले. फुटाणे शिळेवर उधळले, सात-आठ माकडे त्यांवर तुटून पडली, ती मादी पिलासकट ढकलली जाऊन ओढ्याच्या काठावर पडली आणि सावरली. नातवाच्या मनगटावर तीन ओरखडे उमटले होते. कातडी खरचटली होती, रक्त आले नव्हते.

वाटाड्या धावत आला. तो रागावला नाही, याचे मला आजही ओशाळे वाटते. "साबण आहे का? पंधरा मिनिटं धुवायचं. वाहत्या धारेखाली." सूनबाईंच्या पिशवीत साबणाची वडी होती. ओढ्यात साबण जाऊ नये म्हणून त्याने आम्हाला काठापासून दूर, मातीच्या जागी बसवले. आमच्याजवळचे पाणी वाटेतच संपत आले होते. आक्काने आपल्या चारही बाटल्या पुढे ठेवल्या. पाण्याचा थेंबही विचार करून वापरणारी माझी बहीण एका हाताने नातवाचे मनगट धरून दुसऱ्या हाताने एकेक बाटली बारीक धारेने रिकामी करीत होती आणि मी घड्याळ पाहत होतो. पंधराव्या मिनिटाला चौथी बाटली संपली.

उतरताना वाटाड्याने जे सांगितले ते असे. माणसाच्या हातचे खाणे मिळू लागले की टोळी धबधब्याशीच बसून राहते. जंगलात फिरून फळे खाणे कमी होते, मग त्या फळांच्या बिया दूरवर पडणेही कमी होते. तिखट-मिठाचे, तळलेले पदार्थ आणि प्लॅस्टिक पोटात जाते. एका जागी गर्दी झाली की भांडणे वाढतात आणि त्यात पिले आधी जखमी होतात. माणसांचे आजार त्यांना होतात, त्यांचे माणसांना. पावसाळ्यात पर्यटक बंद झाले म्हणजे हीच माकडे गावातल्या कौलांवर येतात आणि मग तेथे त्यांच्यामागे दगड लागतात. माकडताप हा गोचिडींमार्फत पसरणारा रोग गोव्यातील सत्तरी तालुक्यात माणसांचे बळी घेऊन गेला आहे, म्हणून मेलेले माकड दिसले तर हात न लावता कळवावे, असेही तो म्हणाला. ऐकता ऐकता मला बँकेतली काही खाती आठवली. ओव्हरड्राफ्टची मर्यादा आम्ही दरवर्षी आपुलकीने वाढवत गेलो, त्यांचा मूळ धंदा कधी बसला हे आम्हालाही कळले नाही आणि त्यांनाही.

कुळ्याहून गाडी करून तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात गेलो. डॉक्टरांनी ओरखडे पाहिले, धुतल्याचे ऐकून समाधान व्यक्त केले आणि रेबीजची लस सुरू केली. पहिली त्याच दिवशी, पुढच्या तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. त्या आम्ही गावी परतल्यावर दिल्या. वाचकहो, रक्त नाही म्हणून घरी हळद लावून गप्प बसू नका; माकडाच्या ओरखड्यालाही लस लागते आणि हा आजार झाल्यावर त्याला उपाय नाही.

रुग्णालयात दुपार गेली. आक्काने दुकानातली बाटली घेतली नाही, नळाचे पाणी तर नाहीच. "माझं मी बघते, तू पोराकडं बघ." परतीच्या वाटेवर ती खिडकीबाहेर पाहत बराच वेळ गप्प होती. फोंड्याकडे जाणारा फाटा दिसला तेव्हा मी काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, की तिकडे बांदिवड्याला नेमिनाथांच्या जुन्या बस्तीचे अवशेष आहेत, उद्या जमले तर जाऊ.

ती म्हणाली, "नेमिनाथांनी लग्नाच्या वाटेवर कोंडलेली जनावरं पाहिली. त्यांना चारा नव्हता घातला रे. वाडा उघडला होता."

मी काही बोललो नाही. पुढे एवढेच विचारले, "शनिवारच्या टेकडीचं काय?"

"वीस वर्षं येतात ती. आता एकदम बंद केलं तर तोच अन्नपाननिरोध होईल. ती मी लावलेली सवय आहे." जरा थांबून म्हणाली, "कमी करत आणीन. किती दिवसांत ते वनखात्याच्या माणसाला विचार."

निवासावर पोहोचलो तेव्हा सूर्य मावळून दहा मिनिटे झाली होती. भाच्याच्या पत्नीने पाणी उकळायला ठेवले होते, ते तसेच झाकून ठेवले. दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशीच्या दोन घटकांपर्यंत आक्काने पाणी घेतले नाही. रात्री मी दोनदा उठून तिच्या खोलीशी गेलो. दोन्ही वेळा ती जागी होती, माळ चालू होती. दुसऱ्या वेळी म्हणाली, "पोराला ताप नाही ना?" नव्हता.

बांदिवड्याला जाणे राहिले. सकाळी परतीच्या गाडीला अवकाश होता. कुळे स्थानकाच्या छपरावर सहा-सात माकडे बसली होती आणि फलाटावरचा एक प्रवासी त्यांना पाव दाखवत होता. नातवाने त्याच्याकडे जाऊन आपले मनगट दाखवले. काय बोलला ते ऐकू आले नाही, पण त्या गृहस्थाने पाव पिशवीत ठेवला.

घड्याळात दोन घटका पुऱ्या झाल्या. आक्काने पाणी घेतले, सावकाश, दोन पेले. मग कापडी पिशवी उघडली, आम्हा प्रत्येकाच्या हातावर फुटाणे ठेवले आणि म्हणाली, "खा आता. दोन किलो आहेत, मिरजेपर्यंत संपवायचे."